शेवटचा ज्ञात पत्ता

वहिनींचा फायदा तसा उघड होता. मागची खोली मिळणार होती, तीही पूर्वेच्या खिडकीसकट. खोली मिळाली की घरापुढच्या त्यांच्या लाँड्रीतलं इस्त्रीचं मोठं टेबल तिथे हलणार, म्हणजे पुढे काउंटरशी ऐसपैस उभं राहता येणार. घरातली लाकडाची भुकटी जाणार, म्हणजे धुतलेल्या कपड्यांवर पुन्हा ब्रश मारायला नको. शिवाय भांडणातला शेवटचा शब्द वहिनींचा राहणार, आणि तोही तोंडी नव्हे, वकिलाच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी. या जमेच्या बाजू त्या कुणालाही खुशाल मोजून दाखवत. एक मात्र त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. नोटीस कळली की भाऊजी तणतणत दारात येतील. आले की बसा म्हणता येईल, बसले की चहा ठेवता येईल, आणि चहा होईस्तोवर भांडण कधी मिटलं ते दोघांनाही कळणार नाही. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द उच्चारावेच लागणार नाहीत.

खरा नफा हाच. बाकीचं सगळं त्याच्यावरचं वेष्टन.

भाऊजी म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचे मावसभाऊ. ‘आठ दिवसांपुरता येतो’ म्हणून एक वळकटी नि एक पेटी घेऊन आले होते. ते आठ दिवस असे काही लांबले की वहिनींची मुलगी चालायला लागली, शाळेत गेली, शिकली, लग्न करून लांब राहायला गेली, आणि भाऊजी अजून “पुढच्या आठवड्यात कुठे खोली मिळते का बघतो” असं म्हणतच होते. सुरुवातीला हे वाक्य ऐकून वहिनींना राग यायचा, मग हसू यायला लागलं, आणि पुढे पुढे तर एखाद्या आठवड्यात भाऊजी ते म्हणाले नाहीत तर त्याच विचारायच्या, “काय भाऊजी, बरं नाही का? खोली नाही शोधायची?”

काम त्यांचं निराळंच. ज्यांचे पाय चारचौघांसारखे नसतात, अशा माणसांसाठी बूट बनवणारा एक छोटा कारखाना होता. तिथे भाऊजी फरमे कोरायचे. फरमा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी साचा. त्यावर चामडं ताणून बूट बांधतात. दुकानातल्या बुटांचा एक फरमा हजारो पायांना चालतो. भाऊजींचा फरमा एकाच माणसाच्या एकाच पायाचा. कुणाचा पाय आखूड, कुणाची बोटं दुमडलेली, कुणाची टाच भाजून आक्रसलेली. कारखान्यात ठेवायला जागा नाही, म्हणून सगळे फरमे घरी मागच्या खोलीत, खाटेखाली पोत्यांत. अर्धं कोरणंही तिथेच, खिडकीपाशी. “आमच्याकडे पाहुणा एक, पण पाय शेकड्यानं,” असं वहिनी सांगायच्या, आणि भाऊजी रंध्यावरून मान न उचलता म्हणायचे, “पण एकही चहा मागत नाही, वहिनी, ते बघा की.”

वहिनींचा नवरा औषधांच्या दुकानात कामाला होता. आवाज असा की गिऱ्हाइकाला गोळ्या कधी घ्यायच्या हे सांगताना गिऱ्हाईकच पुढे वाकायचं. वहिनींचं आणि भाऊजींचं महिन्यातून एकदा तरी वाजायचं, आणि वाजलं की दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. मग निरोप न्यायला हा गरीब माणूस. तिघं एकाच टेबलाशी, कोपराला कोपर लागून जेवायला बसलेले, आणि भाऊजी म्हणायचे, “दादा, वहिनींना म्हणावं, भाजीत मीठ कमी आहे.” लगेच वहिनी, “अहो, त्यांना म्हणावं, मीठ त्यांच्या नाकासमोर आहे.” नवरा आधी इकडे बघून, मग तिकडे बघून दोन्ही निरोप इमानेइतबारे पोचवायचा. भाऊजींनीच त्याला नाव ठेवलं, तारमास्तर. ते गल्लीत इतकं रुळलं की औषधांच्या दुकानातसुद्धा लोक “तारमास्तर आहेत का?” असं विचारायला लागले.

भांडण लागलं की वहिनींचं एक ठरलेलं वाक्य असायचं: “तुम्ही मध्ये पडू नका. खबरदार इकडचं तिकडे केलंत तर!” या वाक्याचा त्या घरातला अर्थ असा, की जा, आणि आत्ताच्या आत्ता तिकडे जाऊन सांगा. तारमास्तरही बरोबर जाऊन सांगायचे. घर चालायचं.

शेवटचं भांडण झालं ते दातांच्या दवाखान्याच्या पांढऱ्या डगल्यांवरून. वहिनींनी ते धुऊन, कडक इस्त्री करून टांगले होते. भाऊजींनी मागची खिडकी उघडी टाकून कानस चालवली, वारा घरातून आरपार आला, आणि डगल्यांवर पिवळट भुकटीचा थर बसला. नेमकी तेव्हाच दवाखान्यातली बाई डगले न्यायला काउंटरशी उभी. वहिनींचा तोल गेला.

“भाऊजी, हे घर आहे, वखार नाही! फुकटात राहायचं ते राहायचं, वर माझ्याच पोटावर पाय आणायचा?”

‘वखार’पर्यंत ठीक होतं. तसले टोमणे भाऊजी नाश्त्यालाच खायचे. पण ‘फुकटात’ हा शब्द इतक्या वर्षांत त्या घरात कुणी उच्चारला नव्हता, आणि तो परक्या बाईसमोर पडला. भाऊजींनी हातावरची भुकटी झटकली. “बरं,” म्हणाले, “मग वखारीतच जातो.” वहिनींना वाटलं, नेहमीची थट्टा. भाऊजी अंगावरच्या कपड्यांत कारखान्यावर गेले, तिथल्या माळ्यावर झोपले, आणि परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तारमास्तरांनी विचारलं, “काय सांगू त्याला?”

“काही सांगायचं नाही. तुम्ही मध्ये पडू नका. खबरदार इकडचं तिकडे केलंत तर!”

“बरं,” तारमास्तर म्हणाले.

भाऊजी कुठे आहेत हे वहिनींना ठाऊक नव्हतं असं नाही. उलट त्यांच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कारखान्यातले एप्रन दर आठवड्याला त्यांच्याच लाँड्रीत धुवायला यायचे. गाठोडं सोडलं की भाऊजींचा एप्रन लगेच ओळखू यायचा: बाकीच्यांना चामड्याचा वास, यांच्या खिशात लाकडाची भुकटी आणि पेन्सिलीचं थोटूक. वहिनी पेन्सिल काढून ठेवायच्या, एप्रन धुवायच्या, सैल झालेलं बटण घट्ट करायच्या, आणि पेन्सिल परत खिशात. कमरेच्या नाडीवरची गाठीची खूण बोटभर आत सरकलेली त्यांनी पाहिली. म्हणजे माणूस वाळलाय. जेवणाची आबाळ होतेय. हे सगळं त्यांना एप्रन सांगायचा. पण एप्रनशी बोलण्यात काही कमीपणा नसतो, आणि चार गल्ल्या चालून कारखान्याचा जिना चढण्यात मात्र होता.

असे काही महिने गेले. एक दिवस वकीलबाई आपला काळा कोट न्यायला आल्या. ही बाई त्याच रस्त्यावर वकिली करायची; तरुण, हुशार आणि घाईत. बोलता बोलता मागच्या खोलीचा विषय निघाला.

“गेला तो गेला,” वहिनी ठसक्यात म्हणाल्या. “कुठे राहतो, काय खातो, मला काही घेणंदेणं नाही. सामान तेवढं आमच्या छातीवर. आता काढून टाकते एकदाचं.”

“परस्पर काही टाकू नका हं, वहिनी. माणूस घर सोडून गेला तरी सामान त्याचंच राहतं. उद्या म्हणाला, माझं सोनं होतं पेटीत, तर काय दाखवाल?”

“सोनं! त्याच्या पेटीत कानशी निघतील.”

“तरी. रीतसर करा. आधी लेखी नोटीस, मग महिन्याची मुदत. नाही आला, तर दोन पंचांसमक्ष यादी. किमतीची वस्तू असेल ती सांभाळून ठेवायची, बाजारात मोल नाही ते मोकळं करायचं. मग तुम्हाला कुणी बोट लावू शकणार नाही.”

हे वहिनींना पटलं. त्यांच्या स्वतःच्या दुकानातही पाटी होती, एका महिन्यानंतर कपड्यांची जबाबदारी राहणार नाही. पाटी होती म्हणजे आपली होती. प्रत्यक्षात वहिनी न नेलेल्या कपड्यांसाठी गिऱ्हाइकाला फोनवर फोन करायच्या, आणि एकदा तर एका माणसाची पँट द्यायला तो दाखल होता त्या दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. पण परक्याच्या पँटसाठी धावपळ केली तर लोक चांगलं म्हणतात. घरच्या माणसासाठी केली तर तो जिंकतो.

वकीलबाईंनी तिथेच काउंटरवर कागद काढला. “सध्याचा पत्ता?”

आता दोन मिनिटांपूर्वीच ‘मला घेणंदेणं नाही’ म्हणून झालेलं. अशा तोंडानं गल्ली, इमारत, मजला आणि वर ‘माळ्यावर, डाव्या हाताला’ असं कसं सांगायचं?

“मला काय ठाऊक?” वहिनी म्हणाल्या.

“फोन?”

“वापरतच नाही.”

“मग शेवटचा ज्ञात पत्ता लिहावा लागेल.”

“म्हणजे?”

“म्हणजे हाच. तुमचंच घर.”

दोघी हसल्या. “म्हणजे मीच पाठवायची आणि मीच घ्यायची?”

“कायद्याला चालतं. पण वहिनी, एकदा चौकशी करून बघा. कुणाला तरी माहीत असेलच.”

“कायद्याला चालतं ना? झालं तर मग.”

चौकशीची गरजच काय? वहिनींचा हिशेब पक्का होता. नोटीस घरी येणार, तारमास्तर ती वाचणार, आणि संध्याकाळच्या आत तार कारखान्याच्या माळ्यावर.

चार दिवसांनी टपालबाई दारात उभी. तिनं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. “वहिनी, पाठवणार तुम्ही, पत्ता तुमचा, आणि नाव दिरांचं. एवढ्यासाठी मला उन्हातून कशाला आणलंत? हाक मारली असती तरी चाललं असतं.”

“सही कुठे करायची ते दाखव,” वहिनी म्हणाल्या. एक प्रत त्यांनी वकीलबाईंच्या सांगण्याप्रमाणे खोलीच्या दाराला चिकटवली. दुसरी जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली, तारमास्तरांच्या बरोबर समोर.

तारमास्तरांनी जेवायच्या आधी चष्मा लावून ती वाचली. घडी घातली, परत बरणीखाली ठेवली, आणि जेवायला लागले.

“वाचलीत?”

“वाचली.”

“मग?”

“मग काय? तू म्हणाली होतीस, मध्ये पडू नका.”

“म्हणालेच होते. आणि पडायचंही नाही!” वहिनी खुशीत म्हणाल्या. नेहमीचंच होतं हे. असंच म्हणायचे आणि चप्पल घालून निघायचे. त्या दिवशी तारमास्तर जेवून आडवे झाले. वहिनींना वाटलं, उद्या जातील.

मुदतीचे दिवस सरायला लागले. वहिनी सकाळी कान दाराकडे ठेवून इस्त्री करायच्या. चहाची एक पुडी त्यांनी वेगळी आणून ठेवली होती, भाऊजींना आवडायची ती कडक. जेवताना त्या भिंतीला उद्देशून मोठ्यानं म्हणायच्या, “महिना होत आला, कुणाला पर्वा आहे का सामानाची? तीन पोती लाकडं! मी खरंच काढून टाकीन हं.” तारमास्तर मान डोलवायचे, ताक पिऊन उठायचे.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात एप्रनचं गाठोडं आलं, तेव्हा वहिनींनी भाऊजींच्या एप्रनच्या खिशात पेन्सिलीबरोबर नोटिशीची घडीही घातली. घातली, आणि हात तिथेच थांबला. गिऱ्हाइकाच्या कपड्यात आपलं काही घालायचं नाही, निघालेलं ठेवायचं नाही, हा नियम त्यांनी दुकान काढलं त्या दिवसापासून पाळला होता. शिवाय कारखान्यात गाठोडं दुसऱ्याच कुणी सोडलं तर? चारचौघांत वाचलं जाईल. घडी त्यांनी काढून घेतली. बटण मात्र दुहेरी दोऱ्यानं शिवलं.

मुदत संपली त्या दिवशी वहिनी दिवसभर दुकानातून हलल्या नाहीत. संध्याकाळी कुणीच आलं नाही. मग त्यांच्या मनात जे शिरलं ते रागापेक्षा वाईट होतं. एवढी नोटीस मिळाली आणि हा माणूस साधा भांडायलाही आला नाही. म्हणजे सामान नको, घर नको, आपणही नको. असं असेल तर असू दे.

पंच म्हणून वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि ती टपालबाई. वकीलबाई यादी लिहीत होत्या. वळकटी एक. दिवा एक. पेटी एक, पेटीत पटाशा, रंधे, कानशी. डॉक्टरांनी एक पटाशी अंगठ्यावर घासून पाहिली. “चांगल्या धारेची आहे. हे किमतीचं.” पेटीला मोहोर लागली आणि ती कपाटात गेली.

मग पोती ओतली. जमिनीवर लाकडी पावलांचा ढीग झाला. प्रत्येकावर इकडे तिकडे चामड्याचे तुकडे चिकटवलेले, पेन्सिलीच्या रेघा, खुणा. टपालबाईनं पटकन पाय मागे घेतले, जणू कुणाच्या पायावर पाय पडेल.

“हे काय लिहायचं?” वकीलबाईंनी विचारलं.

ढिगात वहिनींना एक जोडी दिसली. अंगठ्याच्या बुडाशी हाड वाढलेलं, डावीकडचं जास्त. दिवसभर काउंटरशी उभं राहून झालेलं. त्यांनी ती उचलली. “हे माझे पाय आहेत.”

“पाय तुमचे, वहिनी. लाकूड त्यांचं,” वकीलबाई म्हणाल्या. “त्यातलं काही तुम्ही काढून ठेवलंत तर सगळी यादीच खोटी ठरेल.”

डॉक्टर हसले. वहिनीही हसल्या आणि जोडी ढिगात टाकली.

“पण कोरीव आहे हे सगळं,” वकीलबाई घुटमळल्या. “उपयोगाचं असेल का काही?”

इथे वहिनींना एक वाक्य बोलता आलं असतं. बूट झिजतात, आणि दर वेळी त्याच फरम्यावर नवे बांधावे लागतात, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांचे स्वतःचे तीनदा बांधून झाले होते. पण समोर न आलेला माणूस होता, आणि त्याचं न येणं त्या विसरायला तयार नव्हत्या.

“जुने आहेत,” त्या म्हणाल्या. “झाले त्यांचे बूट केव्हाच.”

वकीलबाईंनी लिहिलं: वापरलेले लाकडी तुकडे, पोती तीन, बाजारमूल्य नाही. दुसऱ्या दिवशी बेकरीवाला हातगाडी घेऊन आला आणि भट्टीसाठी घेऊन गेला. “वाळलेलं आहे, झकास जळेल,” असं तो कौतुकानं म्हणाला. त्यानं पोचपावतीही दिली. वहिनींनी ती फाइलला लावली.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, भाऊजी आले.

घरात नाही आले. दुकानात आले, आणि काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे उभे राहिले. वहिनींच्या हातातली इस्त्री कापडावर जरा जास्तच रेंगाळली.

“वहिनी,” भाऊजी म्हणाले. हसत होते. “बटण दुहेरी दोऱ्यानं शिवलंत या खेपेला. म्हटलं, आता बोलावणं आलं. जावं.”

“बोलावणं?”

“मग काय! दर आठवड्याला पेन्सिल परत यायची. मी म्हणायचो, वहिनी अजून रागावल्यात, पण पेन्सिल ठेवतायत. थांबू जरा, तोवर कारखान्याच्या हत्यारांवर भागवू. आता दुहेरी दोरा आला म्हणजे राग उतरला.” त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. “आणि बरं झालं. कारखान्यानं मला खालची जागा दिलीय, फरम्यांसाठी भिंतभर फळ्या मारल्यात. पोती न्यायला गाडी बोलावलीय. तुमची खोली मोकळी करून देतो. मी मात्र रविवारी जेवायला येणार, ते काही सुटत नाही.”

वहिनींनी इस्त्री बाजूला ठेवली. शेवटी त्यांनी फाइल काढली आणि काउंटरवर ठेवली, जशी गिऱ्हाइकापुढे कपड्यांची पावती ठेवतात तशी.

भाऊजींनी नोटीस वाचली. यादी वाचली. बेकरीची पोचपावती वाचली, आणि मग पुन्हा नोटीस घेऊन वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

“पत्ता इथलाच आहे.”

“कायद्यानं... शेवटचा ज्ञात पत्ता म्हणून...”

“मी कारखान्यात आहे हे ठाऊक नव्हतं तुम्हाला?”

काउंटरवर कारखान्याचं नवं गाठोडं अजून सोडायचं पडलं होतं. वहिनींनी त्याच्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

“मला वाटलं, हे सांगतील तुम्हाला.”

“दादा? दादा दर मंगळवारी येतो माळ्यावर. आम्ही पत्ते खेळतो. एक शब्द नाही बोलला.” भाऊजींनी नोटीस फाइलमध्ये परत ठेवली. “मी विचारलं होतं त्याला, वहिनी काय म्हणतात? म्हणाला, मला मध्ये घेऊ नका.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. वहिनींनी त्याची तयारी केली होती, कितीतरी महिने. भाऊजींनी फाइल नीट बंद केली, तिची नाडी बांधली.

“सगळं रीतसर आहे,” ते म्हणाले. “पेटी तेवढी देता का? सही करतो.”

त्यांनी सही केली आणि पेटी घेऊन गेले. गाडीवाल्याला रिकामंच परत पाठवलं.

संध्याकाळी तारमास्तर घरी आले, तेव्हा वहिनी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या.

“तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?”

“नाही.”

“दर मंगळवारी जात होतात. पत्ते खेळत होतात. आणि एवढी नोटीस, एवढा महिना, नाही सांगितलंत?”

“तूच म्हणालीस...”

“मी नेहमीच म्हणते!”

“हो,” तारमास्तर म्हणाले. बसले. चष्मा काढून हातात धरला. “नेहमी म्हणतेस, आणि नेहमी मी जातो. म्हातारा झालो आता इकडून तिकडे करून. या खेपेला म्हटलं, तुझं ऐकावं. मी नाही गेलो तर तुम्ही दोघं कधीतरी आपण होऊन बोलाल. मला वाटलं, तू मुदत संपायच्या आधी जाशीलच. तू लोकांच्या पँटी दवाखान्यात नेऊन देतेस.” त्यांचा आवाज नेहमीचाच होता, वहिनींना पुढे वाकावं लागलं. “तू काढून टाकशील असं नाही वाटलं मला. देवाशपथ.”

यावर वहिनींना रागावता येईना. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यानं त्यांचा शब्द जसाच्या तसा पाळला होता.

दोन दिवसांनी त्या चार गल्ल्या चालून कारखान्यात गेल्या. खालची खोली नवीन रंगवलेली. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर तीन ताजे फरमे, पिवळे धमक. भाऊजी खाली बसून एका शाळकरी मुलीचा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवत होते. मुलीची आई कुरकुरत होती, “मागच्या वर्षीच तर घेतलं होतं ना माप?” भाऊजी म्हणाले, “हरवलं माझ्याकडून, ताई. चूक माझी.”

मुलगी गेल्यावर त्यांनी वहिनींना स्टूल दिलं.

“भाऊजी, माझं चुकलं,” वहिनी म्हणाल्या. उभ्या उभ्याच. इतके महिने वाचवून ठेवलेले दोन शब्द, निघाले तेव्हा काहीच वाटलं नाही, ना हलकं, ना जड.

“असू द्या, वहिनी. माझंही चुकलं. पोती न्यायला हवी होती पहिल्याच दिवशी. माप काय, परत घेता येतं.” त्यांनी पेन्सिल कानावर अडकवली. “माप एका दिवसात होतं. कुठे टोचतं ते कळायला वर्षं लागतात. बूट घालायचा, चालायचं, परत यायचं, सांगायचं, की इथे लागतं. मग मी तिथे चामड्याचा तुकडा चिकटवायचा. परत चालायचं. ते सगळं त्या लाकडावर होतं.”

“सगळ्यांना बोलावता येईल. मी जाते घरोघर. यादी द्या.”

“बोलावलंय. बरेचसे येतायत. कुरकुरत येतायत, पण येतायत.” मग म्हणाले, “एक शिवणकाम करणारी बाई आहे, नदीपलीकडची. दोन्ही टाचा भाजलेल्या. अकरा वेळा बदल केले होते तिच्या फरम्यात, तेव्हा कुठे चालायला लागली. तिच्याकडे मी स्वतः गेलो माप घ्यायला. म्हणाली, राहू दे हो. पुन्हा पहिल्यापासून टोचून घ्यायचं बळ नाही आता. आहेत ते फाटेपर्यंत वापरते. मग बघू.”

वहिनींनी तिचं घर विचारलं. त्या गेल्याही तिच्याकडे, दोनदा. बाईनं त्यांना चहा दिला, गोड बोलली, आणि नाही म्हणाली. या घराची, भुकटीची, डगल्यांची, नोटिशीची तिला काहीच कल्पना नव्हती, आणि वहिनींनाही सांगण्याचा धीर झाला नाही.

भाऊजी रविवारी जेवायला येतात. मीठ कमी असलं तर स्वतः उठून घेतात. तारमास्तरांना आता कुणी निरोप सांगत नाही. ते समोरच्या भिंतीकडे बघत जेवतात, आणि नोकरी सुटलेल्या माणसासारखे दिसतात.

तेव्हा शेवटी कुणी काय भरलं ते असं. वकीलबाईंनी काही नाही. त्यांचा एकही कागद चुकला नव्हता. बेकरीवाल्यानं नाही, त्याची भट्टी एक सकाळ फुकटात पेटली. तारमास्तरांनी आपलं नाव भरलं, भाऊजींनी आपली सगळी वर्षं, आणि ते ती आता अधू झालेल्या डोळ्यांनी पुन्हा कोरत बसलेत. वहिनींनी खोलीच्या बदल्यात पाहुणा भरला आणि त्याच्या जागी रविवारी येणारा एक सभ्य गृहस्थ मिळवला. पण सगळ्यांत जास्त भरलं ते नदीपलीकडच्या त्या बाईनं. ती या भांडणात कुणाच्याच बाजूनं नव्हती, आणि तिला नोटीस कुणीच दिली नव्हती, कुठल्याच पत्त्यावर.